वन्संची माशी

संग्रहालयात तिला सगळे माशीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिसऱ्या मजल्यावर फुलपाखरांचं लांबलचक दालन होतं. त्याच्या मागे पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची एक खोली होती, तिथे ती सव्वीस वर्षं बसत होती. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांवर उघडणारी. येणारेजाणारे नाक मुरडायचे. माशीबाईच्या मते मात्र सगळ्या इमारतीत तेवढी एकच खिडकी कामाची होती. बायको काय करते असं कुणी विचारलं की तिचा नवरा, जो दातांचा डॉक्टर होता, सांगून टाकायचा, की माश्या मारते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हा विनोद त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी केला होता आणि त्यानंतर त्यात काडीचाही बदल केला नव्हता.

माश्यांचं असं असतं, की वरून बघितल्या तर चाळीस जाती एकाच आईच्या वाटतात. खरा फरक असतो तो नराच्या मागच्या टोकाला. तिथे आकडे, चिमटे, पाचरी, केसांचे झुबके असा सगळा सरंजाम असतो आणि तो प्रत्येक जातीचा वेगळा. तेव्हा नराचं पोट कापायचं, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम करायचं, मऊ पडलं की सुईने उलगडायचं आणि जे दिसेल त्याचं चित्र काढायचं. मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत कौतुकाने कामाची चौकशी केली, तेव्हा माशीबाईने हातात चहाचा कप धरून हे सगळं तपशीलवार सांगितलं होतं. लग्न झालं, पण विहीणबाई अजूनही तिच्या शेजारची एक खुर्ची सोडून बसत.

तर अशा ह्या माशीबाईला पर्वतावरच्या जंगलात जायचं होतं. संग्रहालयाची मोहीम निघत होती. संचालक स्वतः फुलपाखरांचे अभ्यासक असल्यामुळे मोहीम फुलपाखरांची होती. त्यांच्या दिमतीला तीन मदतनीस आणि एक स्वयंपाकी. माशीबाईला जीपमधली मागची जागा मिळाली आणि एक बिनपगारी मदतनीस नेण्याची परवानगी. नवऱ्याने ही संधी साधली. त्याची थोरली बहीण नुकतीच मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. बत्तीस वर्षं नाकावर माशी बसू न देता काढल्यावर आता घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल शाईने गोल करून संपादकांकडे पाठवत होती. संपादकांचं उत्तर येत नव्हतं, त्यामुळे ती भावाच्या घरी येऊन त्याच्या दवाखान्याच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासू लागली होती. घेऊन जा तिला, नवरा म्हणाला, हवा बदलेल. हवा कुणाची बदलेल ते त्याने सांगितलं नाही.

वन्सं निघाल्या. सोबत छत्री, दोन स्वेटर आणि शिसपेन्सिलींचा डबा.

जंगल पर्वताच्या खांद्यावर होतं. बुटकी, वाकडी झाडं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळात गुंडाळलेली. ढग आकाशात राहण्याऐवजी झोपडीत येऊन बसायचे. पाऊस नसला तरी पानं दिवसभर टिपकत. वनखात्याची पत्र्याची झोपडी होती, तिच्या बाहेर खिळ्याला एक खुरपं आणि कागदाची गुंडाळी टांगलेली होती. संडास म्हणून जे काही होतं ते एवढंच. खुरपं खिळ्याला नसेल तर कुणीतरी झाडामागे आहे असं समजून थांबायचं.

माशीबाईने पिवळ्या ताटल्यांत साबणाचं पाणी भरून त्या जंगलात मांडल्या, झाडांमध्ये तंबूसारखी जाळी ताणली. आठ दिवस ताटल्यांत पाऊस साठला आणि जाळीत ढग अडकले. ज्या काही माश्या मिळाल्या त्या तिच्या जुन्या ओळखीच्या होत्या. संचालकांचं तर त्याहून वाईट होतं. ऊन नाही म्हटल्यावर फुलपाखरू नाही, त्यामुळे ते मदतनीसांबरोबर पत्ते खेळत आणि हरत. कामाचं माणूस एकच निघालं, ते म्हणजे वन्सं. टाचणीवर लावायच्या नखाएवढ्या चिठ्ठ्यांवर ठिकाण, उंची, तारीख असं सगळं त्या इतक्या सुबक अक्षरात लिहीत, की माशीबाईला आपल्या साध्यासुध्या माश्यांची लाज वाटू लागली.

नवव्या दिवशी सकाळी वन्संच्या पोटाने बंड केलं. तीन दिवस डब्यातला घेवडाच चालू होता. त्या काही न बोलता खुरपं घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांनी परत आल्या. चेहरा असा, की वर्गात कुणीतरी पाठीमागून खडू मारलाय.

"तिथे माश्या आहेत," त्या म्हणाल्या.

माशीबाईने सभ्यपणे विचारलं, कसल्या. वन्संचं निरीक्षण चोख होतं. काळ्या, मुंगीसारख्या चिंचोळ्या कमरेच्या, कमरेला नारिंगी पट्टा, आणि प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेतल्या मुली चुळबुळतात तसे एकेक पंख हलवत नाचणाऱ्या. माशीबाईच्या हातातली ताटली कलंडली. पंख हलवत नाचणाऱ्या माश्यांचं अख्खं कूळ तिला पाठ होतं. त्या कुळात नारिंगी पट्टा कुणालाच नव्हता.

"वन्सं, तुम्ही वर माती लोटलीत का?"

"अर्थातच."

"मग आपल्याला ती परत उकरावी लागेल."

पुढे जे घडलं ते वन्संनी छत्रीच्या आडून पाहिलं. माश्या इतक्या लहान, की जाळीने चिरडल्या असत्या. त्यासाठी एक नळी असते. तिच्या मध्ये बारीक कापड लावलेलं असतं, म्हणजे माशी तोंडात येत नाही. नळीचं एक टोक तोंडात धरायचं, दुसरं माशीवर न्यायचं आणि श्वास आत ओढायचा. माशीबाई गुडघ्यांवर बसून, कोपरं चिखलात रोवून, खाली वाकून अर्धा तास श्वास ओढत होती. नऊ नर आणि पाच माद्या. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते तिच्या नवऱ्याने लग्नातदेखील पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दिवस वन्सं तिच्या शेजारी जेवायला बसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये वन्संनी वचन घेतलं. हे कुणाला कळता कामा नये, भावाला तर नाहीच. बत्तीस वर्षांत शाळेत त्यांना कुणी शिंकतानाही पाहिलं नव्हतं. माशीबाईने कबूल केलं. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम वन्संकडेच होतं. चौदा चिठ्ठ्यांवर, माशी कशावर सापडली त्या जागी, त्यांनी मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं: कुजक्या पदार्थावर.

माशीबाईने सहा महिने काम केलं. नराच्या पुढच्या मांडीला खाच होती, मादीचा पंख धरून ठेवण्यासाठी, आणि तिचा आकार कुणाशीच जुळत नव्हता. मागच्या टोकाचं तर विचारूच नका. चमच्यासारखे दोन आकडे, टोकाला दुभंगलेले, आतल्या बाजूला काट्यांची रांग. तिने जुनी वर्णनं काढली, दुसऱ्या संग्रहालयांतून नमुने मागवले, प्रत्येकाचं मागचं टोक ह्याच्या मागच्या टोकाशेजारी ठेवून पाहिलं. शंका उरली नाही. ही जात कुणीच कधी लिहून ठेवली नव्हती. नऊ नरांतला सर्वांत धड असलेला एक तिने निवडला, ज्याच्यावर जातीचं नाव कायमचं टांगलं जाणार तो.

संचालकांना बातमी कळली तसे ते स्वतः झाडू-बादलीच्या खोलीत आले. त्यांच्या मनात वेगळंच होतं. संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष बिस्किटांचे कारखानदार होते, त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती. नवीन जातीला त्यांचं नाव दिलं तर केवढा मान, केवढा समारंभ. माशीबाईची काही हरकत नव्हती. नाव कुठलंही ठेवा, ती म्हणाली, हाक मारल्यावर माशी थोडीच येणार आहे.

मग ती लेख लिहायला बसली. डोकं, छाती, पंख, पाय, सगळं सरसर झालं. शेवटी वागणुकीचा परिच्छेद आला आणि तिथे माशी शिंकली. चिठ्ठीवरचं उतरवून काढायचं, एवढंच काम होतं. कुजक्या पदार्थावर. दोन शब्द. तिने ते लिहिले, खोडले, परत लिहिले.

त्याचं कारण तिच्या तरुणपणात होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा हौशी अधिकाऱ्याने एका माशीचं वर्णन केलं होतं आणि सापडण्याचं ठिकाण दिलं होतं, ओलसर जमिनीवर. नव्याने नोकरीला लागलेली माशीबाई त्या माशीसाठी तीन वर्षं ओलसर जमिनींवर रांगत होती. नदीकाठ, दलदली, गटारं, एका बागेत तर माळ्याने तिला हाकलून दिलं. शेवटी त्या अधिकाऱ्याची खाजगी पत्रं एका पेटीत सापडली. माशी त्याला मिळाली होती बायकोच्या पायावरच्या चिघळलेल्या जखमेवर. सभ्य गृहस्थ. बायकोची जखम छापायची कशी, म्हणून ओलसर जमीन लिहून मोकळा झाला. त्या सभ्यपणापायी माशीबाईचे गुडघे कामातून गेले ते गेलेच.

तिने मधला मार्ग काढून पाहिला: सस्तन प्राण्याच्या विष्ठेवर. खोटं नव्हतं. वन्सं सस्तन होत्याच. पण मग उद्या कुणी बिचारा त्या पर्वतावर मुंगसांच्या मागे फिरत बसेल. ते चित्र तिला सहन होईना. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, कारण वचन. शेवटी तिने वन्संनाच गुरुवारी दुपारी संग्रहालयात बोलावलं.

वन्सं आल्या, खोलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, रुमाल काढला. माशीबाईने काही बोलण्याआधी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि स्क्रू फिरवून दाखवला. वन्संनी आयुष्यात माशी बघितली होती ती हाकलण्यापुरती. आता ती ताटाएवढी होऊन समोर उभी होती. विटकरी डोळे, त्यांत शेकडो खिडक्या. पाठीवर चांदीचा चुरा शिंपडल्यासारखा. पंखाच्या टोकाला एकच काळा ठिपका, आणि पंख आडवा धरला की त्याच्यावरून जांभळा-हिरवा रंग वाहत जायचा. नारिंगी पट्टा तर आतून दिवा लावावा तसा.

वन्संनी डोळा न काढता स्क्रू आणखी थोडा फिरवला. मग म्हणाल्या, "ही अशी दिसते आणि तिथे बसते."

"तिला ते आवडतं," माशीबाई म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. तो अधिकारी, त्याची बायको, तीन वर्षं, मुंगसं. नाव कुठेच येणार नाही, फक्त एक शब्द लिहायचा, मानवी.

वन्संनी लेखाचा कागद ओढून घेतला. पर्समधून लाल पेन निघालं. कुजक्या पदार्थावर ह्या शब्दांखाली रेघ पडली. "हे कुणी लिहिलंय? कुजका पदार्थ म्हणजे काय? कांदासुद्धा कुजतो," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर टाचणीवरच्या चिठ्ठीवर गेली. अक्षर त्यांचंच होतं.

पेन तसंच हातात राहिलं. खालून कचऱ्याची गाडी आली, डबे आपटले, गाडी गेली.

मग वन्संनी एक गोष्ट सांगितली, माशीबाईकडे न बघता. त्यांच्या शाळेत एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. तिच्या बाकाखाली पाणी साठलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, पाण्याची बाटली सांडली. बाटली दप्तरात कोरडी होती. वन्संनी तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गापुढे खरं काय ते बोलायला लावलं. मुलगी बोलली. वर्ग हसला. वन्संनी वर्गाला गप्प केलं आणि खरं बोलण्यावर पाच मिनिटं सुंदर भाषण दिलं. "ती आता न्यायाधीश आहे. रस्त्यात भेटली की थांबते, विचारपूस करते. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा स्वतःवर खूश होते. जेवण छान लागलं मला."

माश्यांबद्दल माशीबाई तासभर बोलू शकत असे, माणसांबद्दल तिची गाडी पहिल्याच वाक्याला अडत असे.

"मानवी लिही," वन्सं म्हणाल्या. "आणि ताजी. ताजी असणं महत्त्वाचं आहे ना? मग लिही."

चिठ्ठ्या त्यांनी स्वतः बदलायच्या म्हणून जुन्या फाडायला घेतल्या. तेव्हा माशीबाईने हात धरला. त्या धंद्याचा नियम असा, की एकदा टाचणीवर गेलेली चिठ्ठी काढायची नाही. चूक असेल तर तिच्याखाली दुसरी लावायची. वन्संना हा नियम आवडला नाही, पण नियम म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. त्या दुपारी त्यांनी चौदा नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. आजही त्या पेटीत प्रत्येक माशीखाली वर थाप आणि खाली खरं अशी जोडी आहे, दोन्ही सारख्याच सुंदर अक्षरात.

लेख संचालकांकडे गेला. वागणुकीच्या परिच्छेदापर्यंत पोचल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माशीबाईला बोलावून घेतलं आणि फार हळुवारपणे विचारलं, ही माशी एखाद्या वेळेस फुलावर बसत नसेल का. बसतही असेल, माशीबाई म्हणाली, बसलेली दिसली की त्याच दिवशी लिहीन. संचालकांनी सुचवलं की तो परिच्छेद गाळता येईल. माशीबाईने सुचवलं की मग नावही गाळता येईल.

अध्यक्षांना कळवणं भाग होतं. ते चष्मा लावून परिच्छेद वाचत असताना संचालक खिडकीबाहेर बघत होते असं म्हणतात. आपलं नाव, ती माशी, ती जागा, आणि घराघरातल्या लहान मुलांच्या हातातलं आपलं बिस्कीट, ही साखळी अध्यक्षांनी मनातल्या मनात जोडली आणि मग त्यांना एकाएकी विनय सुचला. आपण एवढ्या मानाला पात्र नाही, ते म्हणाले, एखादं साधंसं फुलपाखरू चालेल. संचालकांनी त्यांना महिन्याभरात एक तपकिरी फुलपाखरू शोधून दिलं. त्या फुलपाखराचे नर जनावरं मुततात त्या जागेवर थव्याने बसून ती जागा शोषतात, हे संचालकांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी लेखात लिहिलं, ओलसर जमिनीवर. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, बिस्किटं वाटली गेली.

माशीला आता नाव उरलं नाही. माशीबाईला वन्संचं नाव द्यायचं होतं, पण वन्संनी नुसतं बघितलं आणि विषय संपला. मग तिने लॅटिनचा शब्दकोश काढला आणि त्यातून एक शब्द उचलला, इन्व्हिटा. म्हणजे मर्जी नसताना आलेली. नावामागचं कारण म्हणून तिने एकच ओळ लिहिली: जिच्या मर्जीविरुद्ध ही जात सापडली, तिच्या सन्मानार्थ. वन्संनी ते वाचलं, शब्दाचं लिंग बरोबर आहे का विचारलं, बरोबर आहे कळल्यावर मान हलवली.

छापील प्रत आली ती पावसाळी सोमवारी. नवऱ्याने ती डाव्या हाताने घेतली, वाचली, परत वाचली, मोहिमेला कोण कोण गेलं होतं ते बोटांवर मोजलं आणि बहिणीकडे पाहिलं.

"तोंड मिट," वन्सं म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरला शोभत नाही."

तो जुना विनोद त्याने त्यानंतर कधी केला नाही. घरात निदान दोन बायका तरी माश्यांच्या बाबतीत गंभीर आहेत हे त्याच्या लक्षात आलं.

वन्संनी एक प्रत मागून घेतली. त्या परिच्छेदापाशी खूण म्हणून कागद घातला आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता न्यायाधीशबाईंच्या घरी गेल्या, आगाऊ न कळवता. हे आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच केलं. माशीबाई घरी काळजीत होती. सहा वाजले, साडेसहा वाजले. सातला वन्सं आल्या, छत्री दारात झटकली, बूट जागेवर ठेवले.

काय झालं ते त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. न्यायाधीशबाईंनी आधी परिच्छेद वाचला. मग वन्संनी सांगितलं, ती मानवी म्हणजे मी. मग त्यांनी बाकाची गोष्ट काढली. मुलगी विसरली असेल असं त्यांना वाटत होतं. मुलगी विसरली नव्हती. बाटली कोणत्या रंगाची होती तेसुद्धा तिला आठवत होतं.

"मग काय म्हणाली?" माशीबाईने विचारलं.

"हसायला लागली. इतकी हसली की मला वाटलं रडतेय, आणि मध्ये थोडी रडलीही असेल, मी चष्मा पुसत होते. मग उठून चहा केला तिने. साखर घालायला विसरली." वन्संनी स्वेटर काढून घडी केली. "मी सांगितलं नाही. पूर्ण कप प्यायले."